रस्ता आणि ट्रॅक, दोन्हीला एकच गाडी (४२० बीएचपी): सस्पेन्शनमध्ये आधी काय बदलू?

तिसरा_गिअर:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. गाडी मागच्या चाकांवर चालणारी, दोन दारांची, ४२० बीएचपी, मी आत बसलो की साधारण १६५० किलो भरते, त्यातलं ५२ टक्के वजन पुढे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात), मागे मल्टी-लिंक (चाक बरेच वेगवेगळे आर्म धरतात), आणि मागे स्प्रिंग एका जागी, शॉक वेगळ्या जागी. मॉडेलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण नाव आलं की चर्चा पार्ट्सच्या यादीवर जाते आणि मला आधी समजून घ्यायचंय की काय कशासाठी बदलायचं.

आठवड्यातले चार दिवस कामावर जायला हीच गाडी, आणि महिना-दीड महिन्यातून एकदा ट्रॅक डे. शॉक कंपनीचेच, ७०,००० किमी चाललेले, इलेक्ट्रॉनिक वगैरे काही नाही, साधे.

त्रास असा आहे. लांब वळणात नाक बाहेर पळतं, स्टिअरिंग अजून फिरवलं तरी काही फरक पडत नाही, आणि बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिला की मागचं एकदम सुटतं, म्हणजे आधी वळतच नाही आणि मग जास्तच वळते. सरळ भागात जिथे डांबराला लांब लाटा आहेत तिथे ताशी २०० किमीच्या आसपास गाडी तरंगायला लागते, ब्रेकवर पाय न्यायची हिंमत होत नाही. पुढच्या दोन्ही टायरची बाहेरची कड पार खाल्ली गेलीय, मधली नक्षी अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक.

डोक्यात दोन पर्याय आहेत. एक, ३५ मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा आणि पुढे-मागे जाड अँटी-रोल बार (वळणात झुकणं कमी करणारा, डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा दांडा). दोन, एक कॉइलओव्हर किट (शॉकवरच बसवलेली स्प्रिंग) बघून ठेवलंय, स्प्रिंगचा कडकपणा पुढे १० किलो/मिमी, मागे ८ किलो/मिमी, आणि शॉक कडक-मऊ करायला ३२ क्लिकवाला नॉब. कुठला घेऊ?

पाना_१७:
पहिला पर्याय डोक्यातून काढून टाक, ७०,००० किमी चाललेल्या शॉकवर ३५ मिमी छोट्या स्प्रिंगा म्हणजे गाडी बंप स्टॉपवर (शॉक पूर्ण दबू नये म्हणून शेवटी असलेला रबरी ठोकळा) बसवून चालवणं आहे. समज आत्ता चाक वर जायला बंप स्टॉप लागेपर्यंत ६० मिमी जागा आहे, त्यातले ३५ तू उभ्या गाडीतच खर्च करून टाकलेस, उरले २५. वळणात बाहेरच्या चाकाला २५ मिमी म्हणजे काहीच नाही. स्टॉप लागला की त्या कोपऱ्याची स्प्रिंग एका क्षणात कितीतरी पट कडक झाल्यासारखी होते आणि त्या टोकाची पकड जाते. पुढे झालं तर नाक पळतं, मागे झालं तर मागचं फिरतं, आणि चालवणाऱ्याला वाटतं टायरने दगा दिला.

आत्ता ताबडतोब, फुकटात करायचं काम सांगतो. शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक बारीक प्लास्टिकचा झिप टाय घट्ट बांध, खाली सीलपर्यंत सरकव, आणि नेहमीसारखा एक सेशन चालव. परत आल्यावर झिप टाय कुठे थांबलाय ते बघ. तो जर बंप स्टॉपच्या आत घुसलेला असेल तर तुझी गाडी आजच, कंपनीच्या उंचीवर, स्टॉप खातेय. चारही चाकांना कर आणि आकडे इथे टाक. (पुढे उलटे बसवलेले स्ट्रट असतील तर दांडा दिसत नाही, तिथे हे जमणार नाही.)

जुना_टायर:
पाना यांच्याशी सहमत. मी त्याच्याही आधीचं विचारतो, टायर कुठले आहेत आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल, वरची कड आत असेल तर उणे) किती आहे? बाहेरची कड खाल्ली आणि मधलं शाबूत म्हणजे बहुतेक करून कॅम्बर कमी आहे, त्याला स्प्रिंग आणि बार नंतरची गोष्ट. रस्त्यावरच्या गाडीला कंपनी पुढे उणे १ अंशाच्या आसपासच ठेवते, स्ट्रटच्या गाडीत वळणात बॉडी झुकली की तेवढंही उरत नाही, बाहेरचं चाक वरून बाहेर कलंडतं आणि सगळा भार टायरच्या बाहेरच्या खांद्यावर येतो. सेशनच्या आधी टायरच्या खांद्यावर खडूने आडव्या रेघा मार, नक्षीपासून खाली बाजूच्या भिंतीवर येतील अशा, दोन लॅप मारून ये आणि खडू कुठपर्यंत पुसला गेला ते बघ. माझ्या गाडीत पहिल्या वेळी खडू अर्ध्या भिंतीपर्यंत गेला होता, टायर अक्षरशः कुशीवर चालत होता.

हर्ट्झवाली:
तिसरा_गिअर, तुमच्या दुसऱ्या पर्यायातले आकडे वाचून थांबले. पुढे १०, मागे ८ हे आकडे तुमच्या गाडीत जसे दिसतात तसे नाहीत. थोडं मोठं लिहिते, सांभाळून घ्या.

स्प्रिंगवर छापलेला आकडा चाकाला जसाच्या तसा मिळत नाही, मध्ये मोशन रेशो येतो. चाक १ मिमी वर गेलं तर स्प्रिंग किती मिमी दबते, तो हा रेशो, आणि चाकाला मिळणारा कडकपणा काढायला त्याचा वर्ग धरायचा. स्ट्रटमध्ये स्प्रिंग जवळपास चाकावरच असते, रेशो ०.९५ च्या आसपास, वर्ग ०.९. मागे मात्र तुमची स्प्रिंग आर्मवर आत, बॉडीच्या बाजूला बसलीय, तिथे रेशो समजा ०.६५ आला तर वर्ग ०.४२. म्हणजे मागच्या स्प्रिंगचा निम्म्याहून कमी कडकपणा चाकापर्यंत पोचतो.

आता तुमचे आकडे घालू. पुढच्या एका कोपऱ्यावर साधारण ४३० किलो, त्यातून चाक, ब्रेक, हब असं न टांगलेलं वजन ४५ किलो वजा केलं की ३८५. मागे तसंच ३५०. पुढे १० ची स्प्रिंग म्हणजे चाकाला ९ किलो/मिमी, त्याची वारंवारता (स्प्रिंगवर गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होते) येते २.४ हर्ट्झ. मागे ८ ची स्प्रिंग म्हणजे चाकाला जेमतेम ३.४ किलो/मिमी, वारंवारता १.५५ हर्ट्झ. साध्या घरगुती गाड्या १ ते १.५ मध्ये असतात, चांगली स्पोर्ट्स कार १.५ ते २, आणि विंग वगैरे नसलेली ट्रॅकची गाडी २ ते २.५. म्हणजे हे किट पुढून ट्रॅक कार आहे आणि मागून जेमतेम स्पोर्ट्स कार. आधीच नाक पळणाऱ्या गाडीला पुढून एवढं कडक आणि मागून एवढं मऊ केलं तर ती वळायचं नावच घेणार नाही.

तुम्हाला रस्ता आणि ट्रॅक दोन्ही हवंय, तर मी पुढे २ हर्ट्झ धरेन, मागे २.१. हिशोबाने पुढे साधारण ७ ची स्प्रिंग येते आणि मागे साडेचौदाची. १४ वाचून घाबरू नका, चाकाला दोन्हीकडे साधारण ६.२ किलो/मिमीच मिळतंय. मागचं थोडं जास्त का, तर एकाच उंचवट्यावरून आधी पुढचं चाक जातं मग मागचं, मागचं जरा जलद हललं की ते पुढच्याला गाठतं आणि गाडी डोलत राहत नाही. मॉरिस ओली यांनी जनरल मोटर्समध्ये १९३० च्या दशकात हे मांडलं, अजून लोक तिथूनच सुरुवात करतात.

एक प्रश्न, किटवाल्याने मागची स्प्रिंग जुन्या जागीच ठेवलीय की शॉकवर आणलीय?

तिसरा_गिअर:
ताई, हे सोन्यासारखं आहे, दोनदा वाचलं. आत्ता वर्णन उघडून बघितलं, मागची स्प्रिंग शॉकवर आहे, आर्मवरची जुनी जागा रिकामी राहते असं लिहिलंय.

हर्ट्झवाली:
मग आकडे जुळतात, शॉकवर रेशो ०.९ धरला तर ८ ची स्प्रिंग मागे २.१ हर्ट्झ देते. पण तरीही मी ते घेणार नाही, आणि याचं कारण पाना_१७ जास्त चांगलं सांगतील.

पाना_१७:
सांगतो. कंपनीने मागच्या शॉकची वरची जागा फक्त शॉकसाठी बनवलीय. गाडीचं वजन तिथे कधीच नव्हतं, वजन उचलणारी स्प्रिंगची वाटी आत चेसिसच्या जाड भागाखाली आहे. स्प्रिंग शॉकवर आणली की मागचं अख्खं वजन, शिवाय खड्ड्याचे आणि कर्बचे (ट्रॅकच्या कडेचे उंचवटे) हादरे, सगळं त्या पातळ पत्र्यावर आणि दोन बोल्टवर. मी स्वतः एका गाडीत ट्रंकचं कार्पेट उचललं तेव्हा वरच्या माउंटभोवती केसासारखी बारीक चीर, रंग सोलवटलेला, आणि बोट फिरवलं की कड लागत होती. मालकाला फक्त मागून टकटक ऐकू येत होतं. ट्रॅकसाठीच ठेवलेल्या गाडीत आतून पत्रा जोडून, केज (आतला नळ्यांचा सांगाडा) बांधून लोक हे करतात, ते ठीक. रस्त्याच्या गाडीत स्प्रिंग जिथे होती तिथेच राहू दे.

रोज_चाळीस_किमी:
माझीही अशीच ताकदवान गाडी आहे आणि मी रोज चालवतो म्हणून विचारतो, २ हर्ट्झवर रोजचं चालवणं सुसह्य असतं का? मी एका मित्राच्या गाडीत बसलो होतो, अर्ध्या तासात मान दुखायला लागली.

हर्ट्झवाली:
सुसह्य असतं, पण शॉक चांगला हवा. मान दुखते ती बहुतेक वेळा स्प्रिंगने नाही, शॉकने. शॉकचा वेग म्हणजे त्याचा दांडा किती वेगाने आतबाहेर होतो तो, गाडीचा वेग नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. बॉडी झुकणं, नाक खाली जाणं, लांब लाटा, हे सगळं कमी वेगाचं काम. खड्डा, कर्ब, रस्त्याचे सांधे हे जास्त वेगाचं. आपल्याला हवा असतो असा शॉक जो कमी वेगात घट्ट धरतो आणि जास्त वेगात सोडून देतो. साधा शॉक याच्या बरोबर उलट वागला तर ट्रॅकवर गाडी डोलते आणि रस्त्यावर मात्र दणके बसतात, दोन्हीकडून नुकसान.

३२ क्लिकच्या नॉबचं तर मला अजिबात कौतुक नाही. किती क्लिक आहेत यापेक्षा प्रत्येक क्लिकला ग्राफ (दांड्याच्या कुठल्या वेगाला शॉक किती जोर लावतो तो) किती सरकतो, आणि डावा-उजवा शॉक एकाच क्लिकवर सारखाच वागतो का, हे महत्त्वाचं. विकणाऱ्याकडे डायनोचा, म्हणजे शॉक मशीनवर चालवून काढलेला, ग्राफ मागा. ज्याच्याकडे ग्राफ आहे तो लपवत नाही. एक नॉब असलेले बरेचसे शॉक मुख्यतः रिबाउंड (शॉक उघडतानाचा विरोध) बदलतात, सोबत कॉम्प्रेशनही (दबतानाचा विरोध) थोडं सरकतं. माझं मत विचाराल तर एका नॉबचा, किंवा बिननॉबचाही, पण तुमच्या स्प्रिंगला जुळवून व्हॉल्व्ह लावलेला मोनोट्यूब (एकाच नळीचा शॉक) घ्या, त्याच पैशात तीन नॉबचा स्वस्त शॉक घेऊ नका.

वाचनमात्र:
मोनोट्यूबच का? ट्विन-ट्यूबही (नळीत नळी असलेले) चांगले असतात ना? प्रामाणिक शंका आहे.

पाना_१७:
असतात, चांगला ट्विन-ट्यूब वाईट मोनोट्यूबपेक्षा कधीही बरा. फरक उष्णतेत पडतो. ट्रॅकवर वीस मिनिटं शॉक सारखा काम करतो, तेल तापतं, आणि साध्या ट्विन-ट्यूबमध्ये तेल आणि हवा एकत्र मिसळून फेस व्हायची शक्यता असते, फेस झाला की पिस्टन फेसातून जातो आणि धरायला काही उरत नाही. मोनोट्यूबमध्ये तरंगणारा पिस्टन तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन वेगळा ठेवतो, आणि बाहेरची नळी थेट वाऱ्यात असल्याने थंडही लवकर होते. ही फ्रेंच अभियंता द कार्बोंची कल्पना, बिलस्टाइनने १९५७ मध्ये ती मर्सिडीजच्या रोजच्या गाड्यांत आणली, म्हणजे नवीन काही नाही. तोटा एवढाच की नळीला बाहेरून खोक पडली तर शॉक गेला, कारण पिस्टन त्याच नळीत फिरतो.

मागची_चाकं:
इतका वेळ वाचत होतो, आता बार आणि मागच्या पकडीबद्दल लिहितो कारण ४२० बीएचपीत खरा प्रश्न तोच आहे.

वळणात आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर किती वजन जाणार हे स्प्रिंग किंवा बार ठरवत नाहीत. ते गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं अंतर, वजन आणि वळणाचा जोर यावर ठरतं. तुमची गाडी १६५० किलो, उंची अर्धा मीटर, अंतर १.५५ मीटर, १ जी वळण धरलं तर साधारण ५३० किलो डावीकडून उजवीकडे जाणारच, काहीही करा. बार आणि स्प्रिंग एवढंच ठरवतात की त्यातलं किती पुढच्या जोडीने घ्यायचं आणि किती मागच्या. जी जोडी जास्त घेते तिची पकड आधी संपते. म्हणून मागे जाड बार घातला की नाक वळायला लागतं, पण आतलं मागचं चाक हलकं होतं, आणि ॲक्सिलरेटर दिला की तेच चाक जागेवर फिरतं. तुमच्या गाडीत ते आत्ताच होतंय. बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने चढतो हेही लक्षात घ्या, २२ चा बार काढून २४ चा घातला म्हणजे २ मिमी नव्हे, ४० टक्के जास्त कडक.

माझा सल्ला, मागचा बार कंपनीचाच ठेवा, डिफरन्शियल लिमिटेड स्लिप (एक चाक फिरायला लागलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं) आहे का ते सांगा, आणि पुढचा बारही जाड करू नका नाहीतर नाक अजून पळेल.

पाना_१७:
शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे. कागदावर तुमचं बरोबर, पण स्ट्रटच्या गाडीत पुढचा बार जाड केल्यावर नाक पळायचं कमी झालेलं मी एकापेक्षा जास्त गाड्यांत बघितलंय. कारण जुना_टायर यांनी वर लिहिलंय तेच, स्ट्रटमध्ये बॉडी झुकली की कॅम्बर हरवतो. झुकणं कमी केलं की बाहेरचा टायर सपाट बसतो, आणि त्यातून मिळालेली पकड बारने घालवलेल्या पकडीपेक्षा जास्त भरते.

मागची_चाकं:
मान्य, पण ते कॅम्बर कमी असलेल्या गाडीत. आधी कॅम्बर प्लेट (स्ट्रटचं वरचं टोक आत-बाहेर सरकवू देणारी) घालून उणे ३ करा, मग त्याच गाडीत बार जाड करून बघा, फायदा जवळजवळ संपलेला दिसेल. म्हणून म्हणतो, बार सगळ्यात शेवटी, आणि घेतलाच तर भोकं असलेला, म्हणजे कडक-मऊ करता येईल असा.

पाना_१७:
हे पटलं. क्रम तुमचा बरोबर. बारच्या आधी कॅम्बर.

जुना_टायर:
आणि उंचीबद्दल कोणीच बोललं नाही अजून. स्ट्रटची गाडी खाली आणली की खालचा आर्म जो जमिनीला समांतर होता तो चाकाकडे वर चढलेला दिसतो, आणि रोल सेंटर (बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीपेक्षा जास्त खाली जातं. गाडी ३० मिमी खाली आली आणि रोल सेंटर त्याहून बरंच जास्त, म्हणजे गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांच्यातलं अंतर वाढलं, म्हणजे गाडी खाली येऊनही झुकायला जास्त तयार झाली. शिवाय टाय रॉडचा कोन बिघडतो, चाक वरखाली झालं की आपोआप स्टिअर होतं, त्यालाच बंप स्टिअर म्हणतात. २०० ला ब्रेक मारताना गाडी यामुळे इकडेतिकडे नाक खुपसू शकते. १५ ते २० मिमीच्या वर खाली आणायचं असेल तर लांब दांड्याचे बॉल जॉइंट आणि त्याला जुळणारे टाय रॉड एंड पण त्याच यादीत धरा. गाडी खाली दिसली पाहिजे म्हणून खाली आणू नका, अगदी मनापासून सांगतो.

तिसरा_गिअर:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. शनिवारी गाडी स्टँडवर घेऊन जे जे सांगितलं ते केलं, आकडे देतो.

झिप टाय: पुढे दोन्हीकडे बंप स्टॉपच्या आत १८ मिमी गेलेला. मागे स्टॉपपासून ११ मिमी लांब. म्हणजे पुढचं टोक कंपनीच्या उंचीवरच स्टॉपवर बसत होतं, नाक पळायचं एक कारण तिथेच सापडलं.

मोशन रेशो: मागची स्प्रिंग काढली, हबखाली जॅक लावून दहा-दहा मिमीने वर नेलं आणि स्प्रिंगच्या वरच्या आणि खालच्या वाटीतलं अंतर मोजत गेलो. हब ५० मिमी वर, अंतर ३३ मिमी कमी. म्हणजे ०.६६. ताईंचा अंदाज किती जवळ होता बघा.

कॅम्बर: पुढे उणे ०.९ आणि उणे १.१. डिफरन्शियल लिमिटेड स्लिप आहे, कंपनीचंच. आणि मागचा एक शॉक गळतोय, खाली तेलाने माखलेली धूळ, पुसली तरी दोन दिवसांत परत.

आता बुशबद्दल (आर्मच्या सांध्यातले रबरी तुकडे) विचारायचंय, सगळं उघडणारच आहे तर पॉलियुरेथेनचे घालून टाकू का सगळीकडे?

पाना_१७:
सगळीकडे नको. रबरी बुश सर्व बाजूंना थोडा वाकतो, मल्टी-लिंकमधले आर्म फिरता फिरता थोडे पीळही घेतात, तिथे पॉली घातलं की ते पीळ सहन करत नाही, आर्म अडकल्यासारखा होतो आणि न मोजता येणारी एक जास्तीची स्प्रिंग गाडीत तयार होते. शिवाय ग्रीस संपलं की कुरकुर. तुझ्या वापराला पुढच्या खालच्या आर्मचे आणि मागच्या सबफ्रेमचे घट्ट बुश पुरेत, बाकी कंपनीचे नवीन रबरी. स्फेरिकल बेअरिंग (रबराऐवजी धातूच्या गोळ्याचा सांधा) आवाज आणि धूळ दोन्ही आत आणतं, रोजच्या गाडीत फक्त कॅम्बर प्लेटमध्ये चालेल, तिथेही थंडीत थोडी टकटक येणार हे धरून चाल.

आणि हे ठळक अक्षरात समज: रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळू नकोस. रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं, ते घसरत नाही, पीळ खातं. चाक लटकत असताना आवळलंस तर गाडी खाली आली की बुश कायमचा पिळलेला राहतो. माझ्या पहिल्या गाडीत मी हेच केलं होतं, एका बाजूने गाडी ८ मिमी उंच बसत होती आणि मी दोन आठवडे स्प्रिंग बदलत बसलो, आणि पुढच्या सहा महिन्यांत बुश फाटले. गाडी रॅम्पवर, चाकांवर उभी, तुझ्याएवढं वजन सीटवर, मग टॉर्क रेंच.

तिसरा_गिअर:
नोंद केली दादा. रॅम्प आणतो आधी.

वाचनमात्र:
ज्यांच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक शॉक आहेत त्यांनी काय करायचं? बदलले की डॅशबोर्डवर चूक दाखवते म्हणतात.

हर्ट्झवाली:
हो, शॉकचा प्लग काढला की कंट्रोल युनिटला वाटतं वायर तुटली. त्यासाठी वेगळे मॉड्यूल मिळतात किंवा युनिटचं कोडिंग बदलावं लागतं. पण आधी विचार करा की काढायचे का. चुंबकीय तेलाचे शॉक २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये पहिल्यांदा आले तेव्हापासून खूप पुढे गेलेत. थोड्या कडक स्प्रिंगा आणि कॅम्बर प्लेट घालून, तेच शॉक ठेवून, बरेच जण आनंदात आहेत. स्प्रिंग फार कडक करू नका एवढंच, शॉकला रिबाउंडमध्ये ती आवरता आली पाहिजे.

मागची_चाकं:
तिसरा_गिअर, बसवून झालं की नॉब फिरवायची घाई करू नका. लोक रिबाउंड खूप आवळतात, कारण पार्किंगमध्ये गाडी घट्ट वाटते. ट्रॅकवर लहान लहान लाटा लागोपाठ आल्या की दबलेली स्प्रिंग परत उघडायच्या आधी पुढची लाट येते, गाडी लाटेगणिक खाली खाली बसत जाते आणि स्टॉपवर पोचते. आणि चालवताना वाटतं की टायर बर्फावर आहेत. मऊपासून सुरू करा, दर सेशनला एकच गोष्ट, एकाच टोकाला, आणि वहीत लिहा.

तिसरा_गिअर:
नऊ आठवड्यांनी परत येतोय.

काय घेतलं: पुढे ७, मागे जुन्याच जागी १४ ची स्प्रिंग, मोनोट्यूब, एकच नॉब. ग्राफ मागितला, दोन विक्रेत्यांनी विषय बदलला, तिसऱ्याने चारही शॉकचे पाठवले, त्याच्याकडूनच घेतले. कॅम्बर प्लेट, पुढे लांब बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड, दादांनी सांगितले तेवढेच बुश. गाडी फक्त १५ मिमी खाली. बार दोन्ही कंपनीचे. हेडलाइटच्या लेव्हल सेन्सरची काडी नवीन उंचीला जुळवून घ्यावी लागली नाहीतर दिवे जमिनीकडे बघत होते, कोणाला उपयोग होईल म्हणून लिहितोय.

कॉर्नर वेट (प्रत्येक चाकावरचं वजन मोजून जुळवणं) करताना मी सीटवर, टाकी अर्धी, बारच्या लिंक सोडलेल्या. क्रॉस (तिरक्या समोरासमोरच्या दोन चाकांवरचं मिळून वजन) ५२.३ टक्के होतं, ५०.१ वर आणलं. पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या पर्चची (स्प्रिंगची वर-खाली करता येणारी बैठक) थोडी थोडी हालचाल, अर्धा दिवस गेला. अलाइनमेंट पुढे कॅम्बर उणे २.९, टो (वरून बघितल्यावर चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) शून्य, मागे उणे १.९ आणि थोडा टो-इन, म्हणजे तोंडं आत. शेवटी स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्य केला.

ट्रॅकवर पहिला लॅप मी फक्त त्या लांब वळणाची वाट बघत होतो. स्टिअरिंग फिरवलं आणि नाक गेलं, हात तिथेच थांबले, अजून फिरवावं लागलं नाही. बाहेर पडताना ॲक्सिलरेटर हळूहळू उघडला, मागचं सरकतंय हे पाठीला कळलं आणि मग सरकलं, आधी ते न सांगता जायचं. लाटांच्या सरळ भागात गाडी एकदा वर येऊन तिथेच स्थिर होते. मी हेल्मेटमध्ये मोठ्याने ओरडलो.

झिप टाय पुढे स्टॉपला ४ मिमी शिवतोय, तेही कर्ब घेतला तेव्हाच. रोज कामावर जाताना रस्त्याचे सांधे कळतात, पण दणका नाही, बायको शेजारी बसून झोपली हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं सर्टिफिकेट.

एक प्रश्न उरलाय. सुईच्या पायरोमीटरने (टायरच्या रबरात खुपसायचा तापमापक) पिटमध्ये येताच तापमान घेतलं. पुढचा बाहेरचा टायर आत ८६, मध्ये ८८, बाहेर ७९. दुसऱ्या वळणाच्या हेअरपिनमधून निघताना आतलं मागचं चाक अजून थोडं फिरतं. काय करू?

जुना_टायर:
वा! खडूचं काय झालं?

तिसरा_गिअर:
खडू खांद्याच्या कडेला बरोबर थांबला, भिंतीवरचा शाबूत.

जुना_टायर:
मग कॅम्बरला हात लावू नकोस, आत-बाहेर ७ अंशांचा फरक चालतो. मधला सगळ्यात गरम आहे, म्हणजे हवा किंचित जास्त. गरम असताना पुढचे दोन्ही १ पीएसआय कमी करून बघ.

मागची_चाकं:
हेअरपिनसाठी मागच्या बारची एका बाजूची लिंक सोडून, सावकाश, एकच सेशन चालवून बघा. आतलं चाक फिरायचं थांबलं तर मागचा बार पातळ हवा आहे. नाक परत पळायला लागलं तर बार तसाच जोडा आणि मागचं रिबाउंड दोन क्लिक मऊ करा, आतलं चाक जमिनीवर जास्त वेळ राहील. आणि मागे उणे १.९ आहे ते उणे १.६ करून बघायला हरकत नाही, सरळ बाहेर पडताना टायर जास्त सपाट बसेल.

पाना_१७:
तिन्ही एकदम करू नकोस. आधी हवा. आणि १०० किमी झाले असतील तर गाडी रॅम्पवर घेऊन सगळे बोल्ट परत एकदा टॉर्क रेंचने तपास, नवीन बॉल जॉइंटचा नट विशेषतः.

तिसरा_गिअर:
तपासले, एक कॅम्बर प्लेटचा नट पाव फेरा सैल निघाला, बाकी ठीक. रविवारी परत ट्रॅकवर आहे, हवा आधी, मग लिंक. वही सोबत आहे, आकडे सोमवारी टाकतो.